अर्धा पाव

रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या: रोज चाला आणि मैद्याचा पाव कमी करा. चालणं जमलं. पाव काही सुटेना. दहा दिवस कळ काढली, अकराव्या दिवशी पुन्हा आणला. शेवटी मनाशी म्हटलं, खायचाच असेल तर घरी केलेला, कोंड्यासकट पिठाचा, सावकाश आंबवलेला तरी खाऊ. सावरडोकडे, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता आंबवलेल्या पावाकडे, मी वळले ती अशी. तो पाव कुणाला द्यावा वगैरे विचार तेव्हा डोक्यातही नव्हता.

काचेच्या बरणीत ५० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवलं आणि वर झाकण सैल ठेवलं. रोज त्यातलं बरंचसं काढून टाकायचं आणि ताजं पीठ-पाणी घालायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर मिश्रण बरणीच्या गळ्याशी आलेलं. मी घरभर दाखवत फिरले. तिसऱ्या दिवशी सगळं गार. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी वर पिवळट पाण्याचा थर आणि ओल्या मोज्यांसारखा वास. बरणी धुवायला नळाखाली धरलीही होती. मग वाटलं, टाकण्याआधी हे असं का झालं ते तरी शोधू.

कारण कळलं आणि फार बरं वाटलं. ती पहिली उसळी यीस्टची नसतेच. पिठात आधीपासून असलेले दुसरेच जिवाणू भराभर वाढतात आणि वायू सोडतात. मिश्रण आंबट होत जातं आणि तो आंबटपणा या पहिल्या मंडळींनाच सोसत नाही. ती मागे पडतात. आम्लात तग धरणारे लॅक्टिक जिवाणू आणि यीस्ट यांचा जम बसेपर्यंत मधले काही दिवस बरणी मेल्यासारखी दिसते. मी रोज पीठ-पाणी घालत राहिले. बाराव्या दिवशी स्टार्टर, म्हणजे बरणीतलं हे पावाचं विरजण, पाच तासांत दुप्पट झाला. वासही पालटला होता. पिकल्या फळाचा वास आणि त्यामागे हलकासा आंबूसपणा.

पहिला पाव मात्र बसला. ५०० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम स्टार्टर, १० ग्रॅम मीठ, प्रमाण अगदी तोलून घेतलं होतं. चूक घड्याळाची झाली. 'चार तास आंबवा' असं वाचलं होतं म्हणून चार तासांनी मी पीठ आवरलं. स्वयंपाकघर गार होतं, पीठ अर्धंच आलं होतं. भाजल्यावर बाहेरून रंग छान, पण सुरी घातली तर मधोमध चिकट, ओला गोळा. दुसराही तसाच. तिसऱ्यापासून घड्याळ सोडलं आणि पिठाकडे बघायला लागले. भांडं हलवलं की पीठ थरथरायला हवं, कडेने बुडबुडे दिसायला हवेत, वरचा भाग किंचित घुमटासारखा यायला हवा. याला उन्हाळ्यात चार तास पुरतात, थंडीत आठही लागतात. मग आकार देऊन रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वर ब्लेडने एक चीर आणि झाकणाच्या जड भांड्यात घालून तापलेल्या ओव्हनमध्ये. पहिली वीस मिनिटं झाकण काढायचं नाही, कारण पिठातलीच वाफ आत कोंडली की साल लवकर कडक होत नाही आणि पावाला फुलायला वाव मिळतो.

पाव बाहेर काढला की साल गार होताना बारीक तडतडते. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ओट्याशी कान लावून उभी राहिले होते.

एक ओव्हन तासभर तापवायचा आणि त्यात एकच पाव भाजायचा हे मनाला पटेना, म्हणून मी दोन करायला लागले. दोन्ही घरात ठेवले असते तर साखरेचं गणित पुन्हा कोलमडलं असतं. दुसरा पाव शेजारी जाऊ लागला. दोनाचे चार झाले. दर शनिवारी सकाळी कापडी पिशवीत एकेक अख्खा पाव घालून इमारतीतल्या चार दारांची बेल वाजवायची, असा माझा शिरस्ता पडला. लोक खूश होत, कौतुक करत. मलाही आवडायचं.

यातच माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या मुलीला सिलिएक आहे. म्हणजे ग्लूटेन, गव्हातलं एक प्रथिन, पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं आणि तिथे इजा होते. हे मला ठाऊक होतं, तरी मी पाव पुढे केला आणि म्हटलं, "सावरडो आहे ताई, आंबवण्यात ग्लूटेन जवळजवळ उरतच नाही." कुठेतरी वाचलेलं, न तपासता बोललेलं वाक्य. ताईंनी पिशवी हातात घेतली नाही. शांतपणे विचारलं, "जवळजवळ म्हणजे किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन नीट वाचलं. एखादा पदार्थ ग्लूटेनमुक्त म्हणायचा तर किलोमागे २० मिलीग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. गव्हाच्या साध्या सावरडोत ग्लूटेन याच्या कितीतरी पट असतं. आंबवण्यात त्याचा काही भाग तुटतो, पण सिलिएक असलेल्या मुलीसाठी तो पाव घातकच. मी पुन्हा वर गेले आणि माफी मागितली. ताई म्हणाल्या, "तुम्ही प्रेमानेच आणला होतात हो. पण आम्हाला प्रेमाच्या डब्यांचीच जास्त भीती वाटते. नाही म्हणताना समोरच्याचं मन मोडतं ना." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी असते: पीठ कोणतं, मीठ किती, कधी भाजला. आणि तब्येतीबद्दल मी जपून बोलते. जे खात्रीने सांगता येतं ते काही थोडं नाही. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह, जस्त, मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि ही खनिजं शरीराला नीट मिळत नाहीत. पीठ आंबट झालं की गव्हातलंच फायटेज नावाचं विकर जोमाने काम करतं आणि ही पकड सुटते. म्हणून कोंड्यासकट पिठाचा पाव आंबवून खाण्यात खरा अर्थ आहे. लांबवर आंबवलं की फ्रुक्टॅन नावाची साखळीसारखी कर्बोदकं कमी होतात, त्यामुळे पोट फुगण्याचा त्रास असलेल्या काहींना हा पाव सोसतो. आम्लांमुळे पिष्टाचं पचन थोडं सावकाश होतं आणि साखर एकदम उसळी मारत नाही, असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण भाजताना पावाचा गाभा ९५ अंशांच्या पुढे तापतो, बरणीतले जिवाणू त्यात जिवंत राहत नाहीत. तेव्हा 'यात चांगले जिवाणू आहेत' असं कुणी सांगितलं तर ते बरणीबद्दल खरं आहे, पावाबद्दल नाही.

माझी साखर सहा महिन्यांनी थोडी खाली आली. त्या सहा महिन्यांत मी रोज पाऊण तास चालत होते आणि रात्रीचं जेवण लवकर घेत होते. श्रेय पावाला देणं खरेपणाचं होणार नाही.

तर, चार दारांवर चार पाव. तीन-चार महिने हे चाललं आणि हळूहळू मला काहीतरी खटकू लागलं. रिकामी पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली मिळायची, माणूस भेटायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी एक तरुण मुलगी तर मला जिन्यात बघून पाय उचलायची. वाटलं, पाव आवडला नसेल. एकदा गाठून विचारलंच. ती ओशाळली. म्हणाली, "काकू, पाव खूप आवडतो. पण तुम्ही दर आठवड्याला देता आणि मी काहीच देत नाही. मला करता काहीच येत नाही. लाज वाटते."

मी पाव देत होते आणि तिच्याकडे ओझं पोचत होतं. देणारी कायम मी, घेणारे कायम ते. त्यांनी करावं असं काही मी शिल्लकच ठेवलं नव्हतं. कौतुक मला मिळत होतं, पण शेजार काही वाढला नव्हता.

वाट दाखवली ती तळमजल्यावरच्या आजोबांनी. पत्नी गेल्यापासून ते एकटे राहतात. एका शनिवारी पिशवी घेताना म्हणाले, "अगं, मला अर्धाच देत जा. एकट्या माणसाने अख्खा पाव किती दिवस पुरवायचा?" मी घरी आणून पाव मधोमध कापला, अर्धा त्यांना दिला, उरलेला अर्धा त्या मुलीला दिला. तिचंही घर एका माणसाचंच. पुढच्या शनिवारी मला सकाळीच बाहेर जायचं होतं, कापत बसायला वेळ नव्हता. अख्खा पाव आजोबांच्या हातात ठेवला आणि मुलीला फोन केला, "तुझा अर्धा आजोबांकडे आहे, घेऊन जा."

संध्याकाळी परत आले तर आजोबांचं दार उघडं. दोघं टेबलाशी बसलेली. टेबलावर जुना पेपर पसरलेला, त्यावर सालीचा चुरा. आजोबांची सुरी बोथट, आणि डोळ्यांना जवळचं धड दिसत नाही. ते सुरी करवतीसारखी ओढत होते, ती पाव दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, आणि सुरी तिच्या बोटांच्या फार जवळ आली की "आजोबा, इकडे, जरा इकडे" म्हणत होती. पाव सरळ कापला गेला नव्हता. एक अर्धा दुसऱ्याहून चांगला दोन बोटं मोठा. तो कुणी घ्यायचा यावरून दोघांची घासाघीस चालली होती, दोघांनाही लहानच हवा होता. मी दारातूनच मागे फिरले.

त्यानंतर मी नियमच केला. कुठल्याही दाराला अख्खा पाव जाणार नाही. एक पाव, दोन घरं. एका शनिवारी एकाकडे पोचवायचा, दुसऱ्याने खाली-वर करून आपला अर्धा न्यायचा. पुढच्या शनिवारी उलट. चार पाव, आठ घरं. जोड्या मी मुद्दाम मजले सोडून लावल्या, म्हणजे जिना चढावाच लागेल. काही जोड्या जुळल्या नाहीत. एका घराला शनिवारी सकाळी कुणी आलेलंच नको होतं, त्यांनी तसं सरळ सांगितलं आणि ते मला रास्त वाटलं. दुसऱ्या एका जोडीत तीन आठवडे अर्धा पाव तसाच पडून बुरशी लागली. तिथे माणसं बदलली. हे सगळं घडायला वर्ष गेलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताई पावात नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात हवेतसुद्धा पीठ असतं. मी दुसऱ्या धान्याचा पाव करून दिला तरी तो त्यांच्या मुलीसाठी सुरक्षित ठरणार नाही, म्हणून मी करतच नाही. पण महिन्यातून एकदा आम्ही सगळे गच्चीवर एकत्र बसतो तेव्हा ताई आणि मुलगी आपला डबा आणि आपल्या ताटल्या घेऊन येतात आणि आमच्यापासून वेगळ्या टेबलावर तो ठेवतात. त्या टेबलावर पावाचा कण जाणार नाही याची काळजी आता आठही घरं घेतात. लहान मुलंसुद्धा हात धुऊनच तिकडे जातात.

स्टार्टर मागायला लोक आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. अमेरिकेत कार्ल ग्रिफिथ नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या घरचा स्टार्टर १८४७ मध्ये ओरेगॉनच्या वाटेवर निघालेल्या पूर्वजांबरोबर आलेला. जो कुणी तिकीट लावलेलं रिकामं पाकीट पाठवेल त्याला ते वाळवलेला स्टार्टर फुकट धाडत. २००० मध्ये ते गेले, तरी त्यांच्या मित्रांनी ते काम पुढे चालू ठेवलं. मला हे वाचून फार बळ आलं. मी स्टार्टर कागदावर पातळ पसरून सावलीत वाळवते, पापुद्रे चुरते आणि चमचाभर पुडीत बांधून देते. कोमट पाण्यात भिजवून पीठ घालत राहिलं की काही दिवसांत तो जागा होतो.

तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी अशी पुडी घेऊन गेली. "मला करता काहीच येत नाही" म्हणणारी. तिच्या पाचव्या दिवशी तिचा फोन आला, रडवेल्या आवाजात, "काकू, मेला वाटतं." मी म्हटलं, "नळाखाली धरू नकोस. मी येते." बरणी थंडगार खिडकीत ठेवलेली होती, एवढंच. उबेला ठेवली आणि दोन दिवसांत ती वर आली. आता मी गावाला जाते तेव्हा शनिवारचे चार पाव ती भाजते.

आम्ही दोघी कधी कधी एकाच परातीत पीठ मळतो. बेल्जियममधल्या सांक्ट फीट इथे सावरडोचं एक संग्रहालय आहे, जगभरचे स्टार्टर तिथे फ्रिजमध्ये जपून ठेवले आहेत. तिथे काही देशांतल्या १५ बेकरना बोलावून त्यांच्या हातांची आणि स्टार्टरची तपासणी केली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की बेकरांच्या हातांवर लॅक्टिक जिवाणू भरपूर होते आणि त्यांच्या हातांवरचे काही जिवाणू स्टार्टरमध्येही होते. बरणी माणसाच्या हाती आणि माणूस बरणीत, असं काहीसं. आजोबांना हे सांगितलं तर त्यांनी आपले दोन्ही तळवे उजेडात धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मग पुढच्या वेळी मलाही मळायला बोलव."

एकटेपणाबद्दल मी पूर्वी कधी वाचलं नव्हतं, आता वाचते. ज्युलिॲन होल्ट-लुनस्टॅड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. तीन लाखांहून जास्त माणसं त्यात होती. ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मी डॉक्टर नाही. पण पूर्वी दिवसदिवस दार न उघडणारे आजोबा आता शनिवारी सकाळी दाढी करून बसतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहते.

मागच्या महिन्यात आजोबांचा रक्तदाब वाढला आणि त्यांना मीठ कमी करायला सांगितलं. मी हिशेब केला. पावात १० ग्रॅम मीठ, म्हणजे त्यांच्या अर्ध्यात ५ ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजोबांचा अर्धा चार दिवस पुरतो, तरी त्यातून रोज सव्वा ग्रॅम जातंच. मी मीठ ८ ग्रॅमवर आणलं. पीठ लगेच बदललं. मीठ आंबण्याला आवर घालतं आणि पिठाला ताठपणा देतं. ते कमी झाल्यावर पीठ लवकर आलं आणि हाताला सैल, चिकट लागू लागलं. मला फ्रिजमध्ये तासभर आधी ठेवावं लागलं.

खरी अडचण वेगळीच होती. त्या पावाचा दुसरा अर्धा त्या मुलीचा. तिला अळणी चालत नाही, हे मला माहीत होतं. तिच्यासाठी वेगळा पाव करायचा तर जोडी मोडते. मी काहीच ठरवलं नाही. चिठ्ठीवर 'मीठ ८' लिहिलं आणि पिशवी आजोबांकडे दिली.

पिशवी सोमवारी परत आली. चिठ्ठी आतच होती. माझ्या अक्षराखाली मुलीने लिहिलं होतं, 'चव कळते आहे. ७ करून बघूया का?' आणि त्याखाली आजोबांचं मोठं, थरथरतं अक्षर: '७ चालेल. कडेचा तुकडा मात्र माझा.'

आज रात्री पीठ भिजवायचं आहे. मीठ ७ ग्रॅम तोलून वाटीत काढून ठेवलं आहे.